शेंडा कुठे छाटावा आणि घर कुणी घ्यावे

मी, स्मारांदा ओक्टाव क्रेत्सू, वय पंचाहत्तर, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त, विधवा, राहणार बुखारेस्ट, आर्मेनियन चर्चच्या मागच्या गल्लीतली जुनी इमारत, चौथा मजला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. स्मरणशक्ती चांगली आहे, काही बाबतीत नको इतकी चांगली. मी घाबरलेली आहे, पण घाबरलेले माणूस भ्रमिष्ट नसते. हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी तसे लिहून दिले आहे आणि तो कागद सोबत जोडला आहे. नोटरीबाईंनी विचारले, "कुणाच्या दडपणाखाली लिहीत नाही ना?" मी म्हटले, "डोक्यावर चार मजले आहेत, बाई. तेवढंच दडपण." त्या हसल्या. मी हसले नाही.

हाताने लिहिले तर साक्षीदार लागत नाहीत, असेही त्या म्हणाल्या. मला हवे आहेत, म्हणून शेवटी दोन आहेत.

कलम पहिले

यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे लिहिली होती. दोन्ही रद्द समजावीत. पहिल्यात सगळे काही नवऱ्याला दिले होते. तो माझ्या आधी गेला. दुसऱ्यात घर कुणालाच, भाचीलासुद्धा, मिळू नये असे लिहिले होते. नोटरीबाईंनी समजावले की वारस नसलेले घर सरकारजमा होते आणि मग त्यात कुणाला तरी राहायला पाठवतात. ते ऐकून मी तो कागद तिथल्या तिथे फाडला.

कलम दुसरे

माझी एकमेव वारस माझी भाची इलिंका. माझ्या धाकट्या बहिणीची, झेनोबियाची, ती मुलगी. इलिंकाचा बाप तिच्या जन्माआधी गालात्सला कामाला गेला आणि तिथलाच झाला. तो हयात असल्यास त्याला माझ्या घरातली बशीसुद्धा मिळू नये.

इलिंका माझ्याकडे कशी आली ते इथे लिहून ठेवते, कारण तिला ते अर्धेच माहीत आहे.

सत्त्याहत्तर सालच्या मार्चमध्ये, ज्या शुक्रवारी भूकंप झाला, त्या संध्याकाळी झेनोबियाच्या इमारतीत गरम पाणी येणार होते. तिची इमारत आमच्याच गल्लीच्या तोंडाशी होती. तिने सहा वर्षांच्या इलिंकाला आमच्या घरी माझ्या नवऱ्याजवळ, ओक्टावजवळ, सोडले आणि म्हणाली, "भावोजी, केस धुऊन येते. वाळले की नेते हिला." हे मला ओक्टावने सांगितले. मी कामावर होते.

एक्स्चेंजमध्ये आधी आवाज आला, जमिनीखालून मोठी मोटार गेल्यासारखा. मग सगळे हलले, दिवे गेले, आणि थोड्या वेळाने आमच्यासमोरच्या बोर्डावरचे दिवे लागले. एकदम सगळे लागले. इतक्या वर्षांत तो बोर्ड असा मी कधी पाहिला नव्हता. देशाच्या कानाकोपऱ्यातून लोक विचारत होते, अमुक रस्ता उभा आहे का, तमुक घर उभे आहे का. ब्राशोवहून एका बाईने माझ्याच गल्लीचे नाव सांगितले. "तिथलं जोडून दे, पोरी. कोपऱ्यावरची इमारत. माझी आई आहे तिथं." मी लावून पाहिले. पलीकडे काही नव्हते. घंटीसुद्धा नव्हती. मी म्हटले, "लाइन बिझी आहे, बाई. मागाहून करा." आणि दुसरा दिवा उचलला, कारण तेही दिवे जळतच होते.

सकाळी सोडले तेव्हा मी घरापर्यंत चालत आले. सगळीकडे पिठासारखी धूळ होती. आमची इमारत उभी होती. कोपऱ्यावरची नव्हती, तिथे आकाश दिसत होते. ओक्टाव फुटपाथवर बसला होता आणि त्याच्या ओव्हरकोटात गुंडाळलेली इलिंका मांडीवर झोपली होती. त्याचे हात कोपरापर्यंत खरचटलेले होते. त्याने त्या आकाशाकडे मानेने खूण केली.

झेनोबिया सापडली तेव्हा ओळख मी पटवली. इलिंका, तू नेहमी विचारायचीस आणि मी सांगायची, झोपल्यासारखी दिसत होती. तशी दिसत नव्हती. पण केसांना टॉवेल तसाच गुंडाळलेला होता, आणि आत केस स्वच्छ होते. एवढे तुला माहीत असावे.

कलम तिसरे

आता झाडाबद्दल. नोटरीबाई म्हणतात, कुंडीतले झाड म्हणजे घरसामान, त्याला वेगळे कलम नको. त्यांनी ते झाड पाहिलेले नाही.

झेनोबियाच्या खोलीत छताला टेकलेले रबराचे झाड होते. भूकंपाच्या आदल्या उन्हाळ्यात तिने त्याच्या एका फांदीवर गुटी बांधली. अंगठीएवढी साल काढली, ओले शेवाळ लावले, वरून प्लास्टिक गुंडाळून दोऱ्याने आवळले. शेवाळातून पांढरी मुळे दिसू लागली तशी फांदी खालून कापली आणि मला कुंडीत लावून दिली. म्हणाली, "वसंतात ह्याचा शेंडा छाट हं ताई. नाहीतर नुसती काठी होईल."

"चांगला वाढतोय तो शेंडा. कशाला मारायचा?"

"तू अशीच. दया करत बसतेस. अगं, शेंडा गेल्याशिवाय ह्याला फांद्याच फुटत नाहीत."

वसंत आला तेव्हा ती नव्हती. मी शेंडा छाटला नाही. तिच्या हातचे घरात तेवढेच उरले होते, ते आणि पोर.

झाड सरळ वर गेले. मग एकदा कोपऱ्यावर ट्राम वळताना मला दिसले की पायाखाली काही कळायच्या आधी शेंड्याचे पान थरथरते. त्या दिवसापासून मी त्याला हातात घेतले. या झाडाकडे मी दुर्लक्ष केले असे कुणी म्हणू नये. मी त्याला फार मन लावून घडवले. बाजूचा एकेक डोळा, म्हणजे फुटू पाहणारा कोंब, फुगला की नखाने खरवडून टाकला. खालची पाने काढली. आधाराची काठी उपटली, म्हणजे खोड डुलायला मोकळे राहील. शेवटी छताखाली सात-आठ जड पाने आणि खाली बोटाएवढे उघडे खोड, एवढेच ठेवले. हात लावला तरी डुलायचे. माझ्या खुर्चीतून, स्वयंपाकघराच्या दारातून, पलंगावरून, कुठूनही शेंडा दिसेल अशी कुंडी मी मांडली होती.

पान हलले की मी इलिंकाचा हात धरून जिना उतरायची. एकदा तिला टबातून काढली, डोक्याला साबण तसाच, अंगावर माझा झगा. समोरच्या घरातले श्री. तिबेरिऊ बेल्दिए जिन्यात भेटले. तेव्हा ते औषधाच्या दुकानात होते. हातात पावाची पिशवी. म्हणाले, "काय हो क्रेत्सूबाई, युद्ध सुरू झालं की काय?" ट्राम होती. खाली बर्फ पडत होते. नऊ वर्षांची पोर अनवाणी उभी राहून मला म्हणाली, "मावशी, आता वर जाऊ या ना. सगळे बघतायत."

सोळाव्या वर्षी तिने वेगळे सांगितले. "ते झाड नाही थरथरत, मावशी. तू थरथरतेस."

पुढे नव्वद सालच्या मे महिन्यात, भर दुपारी, मी सूप वाढत असताना पान हलले. ट्राम नव्हती. मी पळीसकट धावले आणि आम्ही जिन्याच्या तळाशी पोचलो तेव्हा इमारत खरोखर कुरकुरू लागली. त्या दिवशी ते झाड खरे बोलले. एवढ्या वर्षांत एकदाच. मला तेवढे पुरले. त्यानंतर मला कुणी काही समजावू शकले नाही.

कलम चौथे

ओक्टावची गादीकामाची हत्यारे, म्हणजे बाकदार सुया, चुंबकाची हातोडी, पट्टे ताणायची फळी आणि घोड्याच्या केसांची उरलेली पिशवी, त्याच्या जुन्या दुकानात आता जो कोणी खुर्च्या-सोफे दुरुस्त करत असेल त्याला द्यावीत. विकू नयेत. ती इलिंकाच्या नवऱ्याला द्यायचे घाटत होते, आता नाही. का, ते पुढे आहे.

ओक्टावला भूकंपाची भीती वाटत नसे. "आपण एकदा वाचलो, स्मारांदा, आता यादीतून आपलं नाव गेलं," असे म्हणायचा. तरी तो मरेपर्यंत पायात मोजे घालून आणि बूट उशाशी ठेवून झोपला, मी एकटी वेडी दिसू नये म्हणून. तो इस्पितळात गेला तेव्हा नर्सने त्याचे बूट कपाटात ठेवले. मला त्याने खुणेने ते खाली ठेवायला सांगितले. तेव्हा मला कळेना, की त्याला सवय झाली होती, की माझी भीती त्यालाही चिकटली होती.

कलम पाचवे

घर: दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि रस्त्याकडची गॅलरी.

या घराच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत एक खांब आहे. तोच खांब पलीकडे श्री. बेल्दिए यांच्या स्वयंपाकघरात निघतो. सत्त्याहत्तर साली त्याला हात जाईल एवढा तडा गेला होता. त्या उन्हाळ्यात गवंडी आले, गिलावा केला, रंग दिला आणि गेले. गिलाव्याच्या आत त्यांनी काय भरले ते कुणी विचारले नाही. तेव्हा विचारायची पद्धत नव्हती. पुढे कैक वर्षांनी नगरपालिकेने इमारतीच्या दाराशेजारी लाल चकती लावली. लाल चकती म्हणजे मोठा भूकंप झाला तर पहिल्यांदा पडणाऱ्यांपैकी ही एक. टपालवाला त्या चकतीखाली उभा राहून पत्रे वाटतो. मी मात्र तिच्याखालून जाताना दर वेळी श्वास धरते.

गेल्या जानेवारीत इलिंका आली. लग्नानंतर ती कॉन्स्टान्त्साला होती. दार उघडले तर दोन बॅगा, टोपीवर बर्फ, आणि सात वर्षांची दोम्निका हाताला धरलेली.

"आत घेतेस, मावशी, की इथंच उभं करतेस?"

"खाली दाराशेजारची लाल चकती पाहिलीस?"

"दहा वर्षं पाहतेय."

"मग पोरीला घेऊन इथं कशी आलीस?"

"आम्ही वेगळे झालो. तिथलं घर त्याचं आहे. माझं नाही. आणि माझ्या पगारात भाड्याची खोलीसुद्धा होत नाही." तिने टोपी काढली. डोळे रडून सुजलेले होते. "अर्धं शहर अशाच घरांत राहतंय, मावशी. राहतातच ना माणसं?"

"राहतात. पडेपर्यंत राहतात."

दोम्निकाने आईचा कोट ओढला. "आई, आजीला आपण नको आहोत का?"

मी त्यांना आत घेतले. काय करणार? त्या दिवसापासून माझी भीती तिप्पट झाली. एकटी असताना मी निदान माझ्यापुरती घाबरायची. आता पोर आंघोळीला गेली तरी माझे लक्ष पानाकडे. ती अभ्यासाला बसली तरी पानाकडे. मी तिला कधी काही शिकवले नाही, एक शब्द बोलले नाही. पण पोरांना शब्द लागत नाहीत.

मार्चमधली दुपार. इलिंका कामावरून लवकर आली. दोम्निका झाडाखाली सतरंजीवर उताणी पडली होती. अंगात कोट, पायात बूट. शेजारी सूप निवून त्यावर चरबीची साय धरलेली.

"हे काय, बाहेर चाललीयेस कुठं?"

"श्श. आई, हळू चाल ना. तू चाललीस की पान हलतं, मग खरं कुठलं ते मला कळत नाही."

इलिंका तशीच उभी राहिली. मग स्वयंपाकघरात गेली आणि पाव कापायची सुरी घेऊन आली. स्टुलावर चढली. मी म्हटले, "काय करतेस? इलिंका! उतर खाली!" तिने झाड वाकवले आणि मधोमध कापू लागली. पावाची सुरी ती, दातेरी; कापेना, करवतीसारखी घासत राहिली. पांढरा चीक तिच्या हातावरून, बाहीवरून सतरंजीवर गळू लागला. दोम्निका किंचाळली, "आई, नको! आता आपल्याला कसं कळणार?" शेंडा पानांसकट खाली पडला.

माझ्या छातीत कळ आली. मी खुर्ची धरली. तोंडाला येईल ते बोलले. कृतघ्न म्हटले, आईच्या हातचे शेवटचे मारलेस म्हटले.

"आईच्या हातचं?" इलिंका स्टुलावरूनच ओरडली. "आई ह्याचा शेंडा छाट म्हणाली होती! तूच सांगितलंयस मला. तू तिचं एवढंसुद्धा ऐकलं नाहीस." मग तिचा आवाज उतरला. "घर दे नाहीतर देऊ नकोस, मावशी. पण ही भीती माझ्या पोरीच्या नावावर करू नकोस. मी ती घेऊन मोठी झालेय. मला ठाऊक आहे ती काय असते."

ती रडू लागली आणि हात डोळ्यांकडे नेऊ लागली.

"डोळ्याला हात लावू नकोस!" मी ओरडले. "चीक आहे! आग होईल. आधी साबणानं धू."

ती धुवायला गेली आणि मी त्या खोडासमोर उरले. काप वेडावाकडा होता, दोन पेरांच्या मध्येच, साल लोंबत होती. असे ठेवले तर वरचा तुकडा सुकत, कुजत खाली येतो. इतका वाईट काप मला पाहवेना. मी ओक्टावची धारेची सुरी काढली, आलुबुखाराच्या दारूने पुसली, आणि खालच्या पेराच्या किंचित वर, जिथे जुन्या पानाची खूण असते तिथे, एका दमात कापले. चीक थंड पाण्याच्या फडक्याने टिपला आणि वर शेगडीतली राख दाबली. एवढ्या वर्षांपूर्वी करायला सांगितलेले काम त्या दुपारी झाले.

दोम्निका दाराआडून बघत होती. मी तिला म्हटले, "तो पडलेला शेंडा आण इकडे. खालची पानं काढू. बरणीत पाण्यात ठेवू." ती आली. बूट काढून आली, हे माझ्या नंतर लक्षात आले.

कलम सहावे

श्री. बेल्दिए यांच्याशी माझे दहा वर्षे वाकडे होते, ते इथे नोंदवते.

इमारत आतून लोखंड-काँक्रीट घालून मजबूत करून मिळते, पण त्यासाठी सगळ्या घरमालकांच्या सह्या लागतात आणि काम होईपर्यंत सगळ्यांना दुसरीकडे राहावे लागते. सगळ्यांनी सह्या केल्या. बेल्दिए यांनी केली नाही. त्यांची बायको गेली आहे, मूलबाळ नाही, भिंतभर जुन्या औषधांच्या चिनी मातीच्या बरण्या आहेत.

शेंडा गेल्यावर मला बघायला काही उरले नाही. ते दिवस वाईट होते. नजर वर जायची आणि तिथे नुसते छत असायचे. मग मी खांबाकडे बघू लागले, आणि खांबाकडे बघता बघता समोरच्या दाराशी गेले.

"काराभोवती सह्या तुमच्यामुळे अडल्यात, बेल्दिएसाहेब," असे घाईत चुकीचे बोलले मी; म्हणायचे होते 'करारावरच्या'. शब्दसुद्धा धड निघाले नाहीत.

"बसा आधी. तुम्ही पांढऱ्या पडलाय."

"बसत नाही. सही करा."

"क्रेत्सूबाई, मी ब्याऐंशी वर्षांचा आहे. ह्या वयात माणसाला घराबाहेर काढलं की तो परत येत नाही. मी पाहिलंय. दोन खोल्यांचं तात्पुरतं म्हणतात आणि तिथूनच उचलतात."

"म्हणून तुमच्या भीतीखाली आम्ही सगळ्यांनी मरायचं?"

"आणि तुमच्या भीतीपायी मी बेघर व्हायचं?" ते पुढे म्हणाले, "तीस वर्षं तुम्ही जिन्यावरून धावताय. आम्ही दारं लावून हसायचो. मी पण हसलोय. पण सही नाही करणार."

मी परत आले. त्यांना शिव्या दिल्या नाहीत, कारण पहिल्यांदाच मला दिसले की तेही माझ्याइतकेच घाबरलेले आहेत, फक्त उलट दिशेने.

ईस्टर होऊन आठवडा झाला होता. शनिवारची संध्याकाळ, आम्ही जेवायला बसलो होतो. कोबीच्या पानातला खिमा, वर आंबट साय. टेबल सरकले. आधी काही कळले नाही, काही हलले नाही, टेबलच सरकले आणि दिवा झुलू लागला. दोम्निकाने वर पाहिले, जिथे शेंडा असायचा तिथे. तिथे काही नव्हते. मग तिने माझ्याकडे पाहिले. तिचा चेहरा मी विसरणार नाही. मी काय करते त्यावर ती काय करणार हे ठरणार होते.

मी जिन्याकडे धावले नाही. पायांना धावायचे होते. सगळे सांगतात की जिनाच पहिल्यांदा पडतो, मला ते ठाऊक होते, तरी इतकी वर्षे मी जिन्यावरूनच धावत आले. मी पोरीला टेबलाखाली ओढले, इलिंकाला ओढले, आणि तिघींची डोकी एकत्र दाबून धरली. इमारत दातओठ खात होती. मी मोठ्याने प्रार्थना म्हणत होते असे दोम्निका सांगते. मला तर आवाजच फुटत नाही असे वाटत होते.

थांबले. समोरच्या घरातून बरण्या फुटल्याचा आवाज झाला होता. आता तिथून कुणी हाक मारत होते. इलिंका गेली, तिच्यामागे मी. बेल्दिए स्वयंपाकघरात जमिनीवर बसले होते, भोवती चिनी मातीचे तुकडे. लागले नव्हते. ते खांबाकडे बघत होते. गिलाव्याचा मोठा पोपडा गळून पडला होता आणि आत दिसत होते: वाकलेल्या, गंजलेल्या सळ्या, आणि काँक्रीटच्या जागी विटांचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या, एक गवंड्याचा हातमोजा.

"मी इथं पाठ टेकून कॉफी पितो," बेल्दिए म्हणाले. "रोज सकाळी. इथंच."

इलिंकाने त्यांना उठवले. "चला काका, आमच्याकडे चला. आमची भिंत अजून धड आहे."

"त्याच खांबाची दुसरी बाजू आहे ती, पोरी."

तरी ते आले. आमच्या टेबलाशी बसून त्यांनी चहा घेतला. कप बशीवर वाजत होता. कप खाली ठेवून म्हणाले, "कागद आहे का जवळ?" मी आणला. सही करायच्या आधी त्यांनी मला विचारले, "तिथं शेजारशेजारच्या खोल्या मिळतील? मला एकट्याला कुठं पाठवू नका."

मिळतील, असे मी म्हटले. मिळाल्या.

कलम सातवे

येत्या महिन्यात आम्ही दिंबोवित्सा नदीपलीकडच्या तात्पुरत्या घरांत जाऊ. थंडी सरली की इथे काम सुरू होईल. ते संपेपर्यंत मी असेन की नाही हे डॉक्टरीणबाई सांगत नाहीत. त्या औषध बदलतात.

हे घर मी इलिंकाला देते, पुढील अटींवर:

काम पूर्ण होऊन दाराशेजारची लाल चकती उतरेपर्यंत या घरात कुणीही झोपू नये. रात्री नाही, दुपारची डुलकीही नाही. सामान न्यायला यावे, खिडकी उघडून यावे, पण पाठ टेकू नये.

काम अर्धवट राहिले तर घर विकायला इलिंका मोकळी आहे. पण घेणाऱ्याला खांबाची गोष्ट तिने स्वतःच्या तोंडाने सांगावी, कागदावर नाही. ऐकून त्याने घेतले नाही तर घर बंद पडून राहू दे. रिकामे घर कुणाला मारत नाही.

इलिंका, तू म्हणशील मावशी मेल्यावरही जिन्यावरून धावते आहे. म्हण.

कलम आठवे

रबराचे झाड दोम्निकाला. तिचे वय लहान आहे, तोवर इलिंकाने बघावे. बरणीतल्या शेंड्याला मुळे फुटली, ते रोप तिचे आहेच.

छाटल्या जागेखाली दोन डोळे फुटले आहेत आणि त्यांच्या खाली तिसरा. पहिल्यांदा लाल टोक दिसले तेव्हा मला तो आजार वाटला. सवयीने नख पुढे गेले, आणि मी हात मागे घेतला.

तिन्ही वाढू द्यावेत. एखादी फांदी आत, खोडाकडे वळली तर ती काढावी. वसंतात, पाने हिरवी जोरात असताना, प्रत्येक फांदीचा शेंडा पेराच्या वर छाटावा, म्हणजे एकीच्या दोन होतात. सुरी धारेची, दातेरी नाही. आधी दारूने पुसावी, दारू नंतर पिऊ नये. खाली जुने कागद पसरावेत, हातमोजे घालावेत. चीक गळायचा थांबेपर्यंत घाबरू नये, ते रक्त नाही. उघड्या खोडावर फांदी हवी असेल तर जुन्या पानाच्या खुणेच्या जरा वर सालीला आडवी चीर द्यावी आणि वाट बघावी. कधी फुटते, कधी नाही. कुंडी अधूनमधून फिरवावी, नाहीतर झाड खिडकीकडे वाकडे होते. ऑक्टोबरनंतर छाटू नये, पाणी कमी करावे.

ते दोम्निकाच्या डोक्याच्या वर जाऊ देऊ नये. रुंद, बुटके, जड पानांचे करावे, खिडकीतून वारा आला तर हलेल आणि ते वाऱ्याने हलले एवढाच त्याचा अर्थ असेल. पलंगासमोर कधीही ठेवू नये.

दर वेळी सुरी लावताना माझा हात थांबतो. दोम्निकाचा थांबला तर तिने थोडा वेळ थांबावे, मग छाटावे.

कलम नववे

किरकोळ: आईची संत पारास्किवाची तसबीर इलिंकाला. कोल्ह्याची कॉलर, कसर न लागल्यास, तिलाच. गॅलरीतल्या जामाच्या बरण्या इमारतीतल्या लोकांनी जाण्यापूर्वी वाटून घ्याव्यात. श्री. बेल्दिए यांना मी काही ठेवलेले नाही, कारण ते साक्षीदार आहेत आणि नोटरीबाई म्हणतात साक्षीदाराला देऊ नये. त्यांना राग आला आहे. तो जाईल.

कलम दहावे आणि शेवटचे

मला ओक्टावच्या शेजारी पुरावे. फादरना बोलवावे, गोड गव्हाची कोलिवा करावी, आलेल्यांना जेवू घालावे. रडायचे असेल त्याने रडावे.

पण माझ्यावर काही बांधू नये. दगड नको, संगमरवर नको, सिमेंटची कडा नको. नुसती माती, आणि तीही दाबून बसवू नये. वर लाकडाचा हलका क्रूस, एका माणसाला एका हाताने उचलता येईल असा. फादर म्हणतील की मेलेल्या माणसाला वजन कळत नाही. त्यांना विचारा, हे त्यांना कुणी सांगितले.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, पुन्हा वाचले, आणि सहाव्या कलमात एका ठिकाणी चुकलेला शब्द आहे तो तसाच ठेवला, कारण मी तो तसाच बोलले होते.

स्थळ: बुखारेस्ट
दिनांक: १९ ऑक्टोबर २००९

सही: स्मारांदा क्रेत्सू

साक्षीदार:

१. तिबेरिऊ बेल्दिए, निवृत्त औषधविक्रेते, याच इमारतीत, याच मजल्यावर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. मी हसलो होतो हे त्यांनी लिहिले आहे, ते खरे आहे.

२. डॉ. रुक्सांद्रा मिहेश, हृदयरोगतज्ज्ञ. बाई पूर्ण शुद्धीत आहेत. नाडी जलद आहे.